मानेसरचा पोळा

हेमलता निमकरने आयुष्यात शेत पाहिलं होतं ते एवढंच: दिल्लीहून मानेसरला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून, टोलनाका ओलांडल्यावर डाव्या हाताला, दोन गोदामांच्या मध्ये उरलेला एक तुकडा. हिवाळ्यात त्यात मोहरी असायची. उन्हाळ्यात 'प्लॉट बिकाऊ है' अशी पाटी असायची. तरीही लातूर, परभणी आणि हिंगोली या तीन जिल्ह्यांतले अकरा हजार शेतकरी रोज सकाळी सहाला फोन कानाला लावून तिचं ऐकायचे आणि मग फवारणीला जायचं की नाही ते ठरवायचे.

बस तिच्या कंपनीची नव्हती. शेजारच्या कारखान्यात मोटारींचे बाजूचे आरसे बनत, त्यांची ती बस. हेमलताच्या कंपनीने त्यात आठ जागा भाड्याने घेतल्या होत्या. महिपालपूरला चढून ती चालकामागच्या तिसऱ्या जागेवर बसे. भोवती आरसेवाले पेंगत असत.

कंपनीचा धंदा सांगायला सोपा होता. शेतकऱ्याने मिस्ड कॉल द्यायचा, कंपनीने उलटा फोन करायचा आणि जवळ ज्याचा ट्रॅक्टर रिकामा असेल त्याला त्या शेतावर धाडायचं. प्रत्येक ट्रॅक्टरवर डबा बसवलेला होता, त्यामुळे तो कुठे आहे ते मानेसरच्या भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या ठिपक्याने दिसे. रिकामा असला की ठिपका लुकलुकायचा. नांगरटीच्या दिवसांत पडदा शांत असे. पिकं उभी राहिली की सगळा मराठवाडा लुकलुकू लागे, आणि मालक गौरव मल्होत्रा पडद्यासमोर उभा राहून उसासे टाके. तो एकोणतीस वर्षांचा होता. लुकलुकणं त्याला सहन होत नसे.

हेमलता मराठीची ताई होती. रोज दुपारी काचेच्या छोट्या खोलीत बसून ती दुसऱ्या दिवशीचा निरोप बोलून ठेवी. "नमस्कार, मी हेमाताई." मग हवामान, मग बाजारभाव, शेवटी कंपनीची एखादी सवलत. उरलेल्या वेळात ती फोन घेई. नियमांचं एक पुस्तक होतं, हिंदीत. त्यातला सातवा नियम असा की आपण कुठे बसलो आहोत ते कधीही सांगायचं नाही. शेतकऱ्याला वाटलं पाहिजे की दीदी शेजारच्याच गावात राहते.

हा नियम पाळणं हेमलताला जड गेलं नव्हतं. दिल्लीत सत्तेचाळीस वर्षं काढून तिला कोणी मराठी म्हणून मोजलं असेल तर ते या फोनवरच. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती वाढली. वडील तात्याराव कृषिभवनात लिपिक. देशभरच्या ज्वारीचे आकडे त्यांच्या टंकयंत्रातून गेले, पण ज्वारीचं कणीस त्यांनी नोकरीत कधी पाहिलं नाही. घरात त्यांचा एकच आग्रह होता. भाषा थोडी बिघडली तरी चालेल, सण चुकता कामा नये. दरवर्षी ते महाराष्ट्र मंडळातून मराठी पंचांग आणत आणि चहा पिताना जाहीर करत, "परवा पोळा." दिल्लीत मातीचे बैल मिळत नसत, म्हणून आई कणकेचे करायची. चार बैल कूलरवर ओळीने उभे राहत. शेजारची पंजाबी मुलं यायची आणि विचारायची, "आंटी, ये कुत्ते किसलिए?" तात्याराव त्यांना शांतपणे म्हणायचे, "बेटा, पूँछ देखो." बैल वाळून तडकायच्या आत, चौथ्या दिवशी, गणपती यायचा.

क्वार्टर नोकरीबरोबर गेलं, पुढे आई गेली, तात्यारावही तीन वर्षांपूर्वी गेले. हेमलता मुनिरक्यात दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहू लागली. पंचांग आणायचं राहून गेलं. भिंतीवर किराणावाल्या गुप्ताने दिवाळीला दिलेलं हिंदी कॅलेंडर आलं. त्यात तिथ्या होत्या, लक्ष्मी होती, वर गुप्ताचा फोन नंबरही होता. कमी काहीच वाटत नव्हतं.

फोनवर सगळ्यांत जास्त बोलायचे ते गुलाबराव सूर्यवंशी, अहमदपूर तालुक्यातले एक ट्रॅक्टरवाले. त्यांच्या डब्याची तक्रार असायची. डबा सांगे ट्रॅक्टर तळ्यात आहे, आणि ट्रॅक्टर दारात असे.

"ताई, पुन्हा बुडालो बगा आज."

"काढते हं बाहेर. दोन मिनिटं धरा."

मग ते पीकपाणी सांगत बसत. एकदा त्यांनी विचारलं, "तुमचं हापिस लातुरात बसस्टँडच्या मागं ती नवी बिल्डिंग झाली, तिथंच ना?"

सातवा नियम आठवून हेमलता म्हणाली, "हो, साधारण तिकडेच."

जुलैत, म्हणजे गुडगावचं गुरुग्राम झालं त्या वर्षीच्या जुलैत, गौरवने सगळ्यांना पडद्यासमोर उभं केलं. तेलुगू आणि कन्नडचे निरोप आता मशीन वाचत होतं. दोन्ही ताया घरी गेल्या होत्या.

"मराठी का भी दिवाली तक हो जाएगा," तो म्हणाला. "लेकिन हेमलताजी, आपके यहाँ लोग थोड़ा ज़्यादा सुनते हैं. एक बड़ा फेस्टिवल करते हैं. नंबर आया, तो आप रहेंगी. नहीं आया, तो मशीन."

"कौन सा फेस्टिवल?"

"बैलोंवाला है ना कोई? उस दिन बैल छुट्टी पे, राइट? तो उस दिन ट्रैक्टर हाफ़ रेट. सोचिए. सिंपल है."

त्याला ही युक्ती सकाळी जिममध्ये सुचली होती. पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर माणसंही शेतात जात नाहीत, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. हेमलतालाही कूलरवरच्या बैलांपलीकडे माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की आपली खुर्ची आता पोळ्यावर उभी आहे.

सणांसाठी कंपनीत एक तक्ता होता. त्यात चार रकाने: सण, तारीख, सवलत, कोणी तपासलं. हेमलताने पहिल्या रकान्यात 'पोळा' लिहिलं आणि दुसऱ्यात 'श्रावण अमावस्या', कारण घरी तारखा अशाच सांगितल्या जात. तक्ता हुशार होता. त्याने तिथीची आपोआप तारीख केली: दोन ऑगस्ट. चौथ्या रकान्यात नेहमीसारखं तिचं नाव आलं आणि खाली 'नक्की' असं बटण.

तिचा हात थबकला. गणपतीची रजा तिने आधीच मांडली होती, पाच सप्टेंबरची. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गणपती, हे तिला स्वतःच्या वाढदिवसाइतकं पाठ होतं. दोन ऑगस्ट आणि पाच सप्टेंबर. मध्ये चार दिवसांऐवजी महिना. भातात खडा लागावा तसं काहीतरी लागलं. पण हायवेवर कावडवाले चालले होते, कँटीनमध्ये सोमवारी कांदा बंद झाला होता, आरसेवाल्यांच्या बसमध्येही 'सावन' चालू होता. सगळी दिल्ली श्रावणात होती. आणि गौरव खुर्चीमागे उभा होता.

"ओके है?"

या वर्षी अधिक महिना असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. "ओके," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

एक तारखेला तिने निरोप बोलून ठेवला. तो तिने तीनदा बोलून पाहिला आणि तिसऱ्यांदा आवाजात खरोखर सणाचा उत्साह आला. "नमस्कार, मी हेमाताई. आज पोळा! वर्षभर राबणाऱ्या आपल्या सर्जा-राजाला आज जू लावू नका..." पुढे अर्ध्या भाड्याचा ट्रॅक्टर.

दोन तारखेला ती पोचली तेव्हा फोनच्या रांगेत चारशे माणसं होती. पडद्यावर ठिपके लुकलुकत होते. पण गौरव फोनचा आकडा बघत टाळ्या वाजवत फिरत होता. "देखा? देखा आपने?"

हेमलताने पहिला फोन उचलला. पलीकडे गुलाबराव होते.

"ताई, तब्येत बरी हाय ना?"

"हो, का हो?"

"न्हाई, आज कशाचा पोळा म्हणून इचारलं. आज दिव्याची आवस. आखाड संपायलाय अजून. पोळ्याला महिना हाय."

हेमलताने तक्त्यातली तारीख पुन्हा पाहिली.

"आन दुसरं, ट्रॅक्टर अर्ध्या भाड्यात म्हणालात. सोयाबीन गुडघ्याला लागलंय. उभ्या पिकात ट्रॅक्टर घालू का?"

"नको," हेमलता म्हणाली.

"तेच म्हणलं. ठीक हाय. माणूस हाय, चुकतंय. पर आमचा दामू हाय ना, शेजारी, त्यानं ऐकलं तुमचं. कोळपणीला जुंपलेले बैल सोडले. म्हणला, ताई सांगाली म्हणजे असंल. कॅलेंडरात बघ म्हणलं तर म्हणतो, कॅलेंडरवाल्याचं चुकत नसंल कशावरून?"

फोन ठेवल्यावर तिने आणखी एकशे दहा फोन घेतले. काहींनी समजावलं, काहींनी शिव्या दिल्या. औंढ्याच्या एका आजीने सांगितलं की तिने सुनेला पुरण शिजत घालायला लावलं होतं. आता लावलंच आहे तर खाऊन टाकू.

संध्याकाळी मुनिरक्याच्या जिन्यात तिला देवयानी भेटली. शेजारच्या खोलीत राहणारी ही नांदेडची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती आणि कोणत्याही प्रश्नाचं उत्तर दीडशे शब्दांत द्यायची तिला सवय लागली होती.

"देवयानी, पोळा कधी असतो गं?"

"श्रावण अमावस्येला."

"मग आज काय आहे?"

"आज आषाढ अमावस्या." देवयानीने दप्तर खाली ठेवलं. "काकू, मुद्दा एक. महिने मोजायच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. मुद्दा दोन. त्यामुळे यांचा महिना आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. मुद्दा तीन. परिणामी यांची श्रावणातली अमावस्या ती आपली आषाढातली. निष्कर्ष, पोळा एक सप्टेंबरला. का हो?"

"काही नाही."

"तुमच्याकडे गुप्ताचं कॅलेंडर आहे का?"

"आहे."

"माझ्याकडेही आहे. मी फक्त दुधाचा हिशेब लिहिते त्यावर," असं म्हणून देवयानी दप्तर उचलून वर गेली.

तिसऱ्या दिवशी गौरवने पेढे वाटले. निरोप शेवटपर्यंत ऐकणारे नेहमी शंभरात चाळीस असत, त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी होते. उलट फोन करणारे सातपट. ट्रॅक्टर एकाही शेतकऱ्याने मागवला नव्हता, पण तो तक्ता वेगळा होता आणि त्या दिवशी कोणी उघडला नाही.

"सर, वो तारीख ग़लत थी," हेमलता पेढा हातात धरून म्हणाली.

"कौन सी?"

"पोळा एक सितंबर को है."

गौरवने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हेमलताजी, लोगों ने सुना ना? आप रह रही हैं. मिठाई खाइए."

"तो एक तारीख को फिर से मेसेज करना पड़ेगा. ठीक करके."

"फिर से नहीं होगा. सिस्टम में एक फेस्टिवल साल में एक बार आता है. पोळा डन है." त्याने तक्ता उघडून दाखवला. पोळ्याच्या ओळीवर हिरवी खूण होती. ती पुसण्याची सोय नव्हती.

ऑगस्ट सरकत गेला. हेमलता रोज हवामान बोलत राहिली. खुर्ची शाबूत होती, पगार होता, आणि काचेच्या खोलीत शिरलं की तिला कूलरवरचे बैल दिसत. वीस तारखेच्या आसपास गुलाबरावांचा फोन आला. ट्रॅक्टर पुन्हा तळ्यात होता. तो बाहेर काढून झाल्यावर तिने विचारलं, "दामूचं काय झालं?"

"कशाचं?"

"कोळपणीचं."

"हां. ती ऱ्हायली. दुसऱ्या दिवशीपासून पाऊस लागला, चार दिवस रान चिखल, वाफसाच न्हाई. आता तण सोयाबीनच्या वर गेलंय. बाया लावून खुरपाया लागला. तुमच्यावर राग न्हाई त्याचा. उलट मला म्हणतो, ताईला इचार, खरा पोळा कधी हाय."

हेमलताने फोन ठेवला. त्या दुपारी तिने सातवा नियम पुन्हा वाचला. मग हवामानाच्या निरोपाबद्दलचा बारावा वाचला. हवामान रोज बदलत असल्यामुळे ते कोणाकडून तपासून घ्यायची गरज नाही, असं त्यात होतं.

तीस तारखेला ती काचेच्या खोलीत गेली आणि दुसऱ्या दिवशीचं हवामान बोलली.

"नमस्कार, मी हेमाताई. आज लातूर, परभणी, हिंगोलीत आकाश ढगाळ, तुरळक सरी. उद्या एक सप्टेंबर, उद्या पोळा आहे. आज संध्याकाळी बैलांची खांदेमळणी. गेल्या अमावस्येला मी पोळा सांगितला, ती चूक माझी. मी लातूरला नाही. मी दिल्लीजवळ मानेसरला बसते, दिल्लीतच वाढले. इथलं कॅलेंडर वेगळं असतं, ते बघून मी तारीख दिली. ज्यांनी माझं ऐकून बैल सोडले, त्यांची मी माफी मागते. उद्या ट्रॅक्टरची काही सवलत नाही. वाऱ्याचा वेग ताशी बारा किलोमीटर."

एकतीसला सकाळी ती बसमध्ये चढली तेव्हा जेवणाचा डबा बरोबर घेतला नव्हता. दुपारपर्यंत आपण टिकू असं तिला वाटत नव्हतं. रांगेत सहाशे फोन होते. गौरव अजून आला नव्हता.

गुलाबराव म्हणाले, "दिल्लीत?"

"हो."

"तरीच."

"तरीच काय?"

"जुलैत लातूरला गेलतो. आईनं तुमच्यासाठी उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा दिल्या होत्या पिशवीभर. बसस्टँडमागं दोन चकरा मारल्या. तिथं दाताचा दवाखाना निघाला. पिशवी माघारी न्यायची कशी, आई बोलली असती. म्हणून दातवाल्यालाच देऊन आलो."

हेमलताने विचारलं, "त्यांनी घेतल्या?"

"घेतल्या की. एक दात फुकट बघितला माझा." मग त्यांनीच विचारलं, "ताई, तिकडं बैल असतात का हो?"

"कणकेचे करायचो आम्ही. लहानपणी."

"मग उद्या करा. दोन तरी करा."

गौरव अकराला आला. त्याने तिला काचेच्या खोलीत बोलावलं आणि निरोप ऐकवला. मराठी त्याला कळत नव्हती, पण 'मानेसर' कळलं होतं.

"रूल सेवन," तो म्हणाला.

"जी."

"आपने तोड़ा."

"जी."

त्याने समोरचा संगणक तिच्याकडे वळवला. शंभरात शहाण्णव जणांनी निरोप शेवटपर्यंत ऐकला होता, वाऱ्याच्या वेगासकट. तो आलेख त्याने बराच वेळ पाहिला. नांगरटीच्या दिवसांतही त्याच्या चेहऱ्यावर असा तृप्त भाव कधी आला नव्हता.

"ये जो सॉरीवाला है," तो शेवटी म्हणाला, "ये महीने में एक बार हो सकता है?"

"महीने में एक गलती?"

"छोटी सी."

"सर, मुझसे तो पाँच साल में एक हुई."

गौरवने मान डोलावली, एखाद्या चांगल्या कारागिराकडे माल कमी निघतो हे समजून घेतल्यासारखी. मराठी दिवाळीपर्यंत हेमलताकडेच ठेवायची असं त्याने वहीत लिहिलं. तिच्यादेखत त्याने माफीचा तोच मजकूर मशीनकडून वाचून घेतला आणि पुढच्या आठवड्यात परभणीतल्या शंभर जणांना धाडून पाहिला. अकरा जणांनी शेवटपर्यंत ऐकला. त्यानंतर त्याने 'दिवाळीपर्यंत' खोडलं आणि त्याजागी काहीच लिहिलं नाही.

एक तारखेला हेमलताने कणकेचे दोन बैल केले. मुनिरक्याच्या खोलीत कूलर नव्हता, म्हणून ते फ्रिजवर ठेवले. देवयानी डोकावली आणि म्हणाली, "काकू, डाव्याचं शिंग पडलंय," आणि काडेपेटीतल्या काडीने ते बसवून दिलं.

ऑक्टोबरात तक्ता पुन्हा भरायचा होता. हेमलताने गुलाबरावांना फोन केला आणि विचारलं, तुमच्याकडचा हिवाळ्यातला मोठा सण कोणता?

"येळवस," ते म्हणाले. "वेळ अमावस्या म्हणतात कागदात. मार्गशीर्षातली."

हा सण तिने कधी ऐकला नव्हता. तात्यारावांनीही कधी जाहीर केला नव्हता, ते मराठवाड्यातले नव्हते.

"त्या दिवशी काय करतात?"

"काय करतात म्हणजे? अख्खं गाव रानात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, डाळी-भाज्यांची भज्जी आन आंबील. गावात कुत्रंबी ऱ्हात न्हाई. लातुरातली दुकानंबी बंद."

"ट्रॅक्टर लागतो?"

"लागतो की. पाहुणे न्यायला."

"तारीख सांगा. तिथी नको."

"एकोणतीस डिसेंबर. आन ताई, फोनवर किती इचारताव? या की."

तिने तक्ता भरला. सण: वेळ अमावस्या. तारीख: २९ डिसेंबर. तक्त्याने ती बदलून एकोणतीस नोव्हेंबर करून दाखवली. तिने पुन्हा डिसेंबर लिहिलं. तक्त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने ऐकलं. सवलत: नाही. कोणी तपासलं या रकान्यात स्वतःचं नाव खोडून तिने लिहिलं, गुलाबराव सूर्यवंशी, तालुका अहमदपूर.

"ये कौन है?" गौरवने तक्त्याची छापील प्रत हातात घेऊन विचारलं. "अपना एम्प्लॉयी?"

"ट्रैक्टरवाले हैं. वो तालाबवाले."

"अच्छा, वो." त्याने सही केली.

त्याच कागदांखाली तिचा रजेचा अर्ज होता, अठ्ठावीस ते तीस डिसेंबर. कारणाच्या ओळीत बायका सहसा 'घरेलू काम' लिहीत. हेमलताने बराच विचार करून लिहिलं होतं: 'खेत देखना'.

गौरवने तो दोनदा वाचला. "ऑफ़िशियल है?"

"नहीं सर. किराया मेरा."

त्याने तीही सही केली.